एका मुलीचे दोन अर्ज

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना आमच्या लक्षात आलं की एकाच मुलीच्या नावाने दोन अर्ज दाखल झाले आहेत. पहिला तिच्या आईने नेट कॅफेत जाऊन भरून घेतला होता. दुसरा आमच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेनंतर गावी बसून मोबाइलवर भरला होता. दोघांनीही मुलीच्या भल्यासाठीच भरला आणि दोघांनाही एकमेकांच्या अर्जाचा पत्ता नव्हता. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) प्रवेशात एका बालकाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही सोडतीतून बाद होतात. आम्ही मदत केली नसती तर त्या मुलीचा निदान एक अर्ज सोडतीत राहिला असता.

मी एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी आहे. दरवर्षी आम्ही विद्यापीठाला अहवाल पाठवतो. त्यात किती तास काम झालं, किती लाभार्थी झाले याचे आकडे असतात आणि छायाचित्रं असतात. त्या वर्षी विद्यार्थी जे शिकले, ते यातल्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. त्या कुटुंबाची, विद्यार्थ्यांची आणि वस्तीची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. आई हे वाचणार नाही, पण तिला विचारून लिहिलं आहे.

उपक्रम कसा ठरला

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. एनएसएसच्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. आम्ही वर्षानुवर्षं झाडं लावली, रक्तदान शिबिरं घेतली, रस्ते झाडले. ही कामं चांगलीच आहेत. पण ती सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतात आणि चुकली तरी कुणाचं फारसं बिघडत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आरटीईचा अर्ज भरायला पैसे देतात. तो अर्ज तर फुकट असतो ना?" तिथून सगळं सुरू झालं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या, नंतर राज्यभराची एकच सोडत निघते.

चौदा विद्यार्थी तयार झाले. महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर भाड्याच्या खोल्यांची एक वस्ती आहे. तिथले पुरुष बहुतेक बांधकामावर आणि बायका घरकामाला जातात. तीसेक कुटुंबांत पहिलीच्या वयाचं मूल होतं.

मी विद्यार्थ्यांना दीड तासाचं व्याख्यान दिलं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती, तिथपासून शिक्षण हा मूलभूत हक्क करणाऱ्या २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीपर्यंत सगळं सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. हा इतिहास त्यांना ठाऊक असायलाच हवा, यावर मी आजही ठाम आहे. मात्र त्या दीड तासात एक गोष्ट सांगायची राहिली. अर्ज कुणाचा आहे, हे मी सांगितलंच नाही. मला वाटलं, ते कुणाला सांगावं लागतं का?

कागदांची पिशवी

या प्रकरणातली आई तिशीच्या आतली. चार घरी धुणीभांडी करते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, साइट लांब असली की पंधरा पंधरा दिवस तिकडेच. मुलगी पावणेसहा वर्षांची. विद्यार्थ्यांची एक जोडी या घराकडे होती, वर सांगितलेली वाणिज्यची मुलगी आणि संगणकशास्त्राचा एक मुलगा. मुलगा हुशार, कामसू, कुठलंही काम अर्धवट न सोडणारा.

पहिल्या भेटीत त्यांनी यादी काढली. कुटुंबाकडे स्थानिक पत्त्याचा पुरावा नाही. आधार कार्डावर गावाचा पत्ता. रेशन कार्ड गावी, सासऱ्यांच्या नावावर. भाडेकरार नोंदणीकृत नाही, त्यामुळे तो चालणार नाही. यादीखाली मुलाने लिहिलं होतं, "अपात्र ठरण्याची शक्यता." दुसऱ्या आठवड्यात मी सोबत गेले आणि तिला सहज विचारलं, "ताई, हा खोलीचा पत्ता कुठं लिहिलेला आहे का, कुठल्याही कागदावर?" तिने फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत दुसरी पिशवी, तिच्या आत रुमालात गुंडाळलेले कागद. त्यात राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक होतं आणि त्यावर याच खोलीचा पत्ता. पुराव्याच्या यादीत असं पासबुक चालतं. तिच्या एका मालकिणीने तीन वर्षांपूर्वी खातं उघडून दिलं होतं. विद्यार्थ्यांनी तिला "लाइट बिल आहे का, करार आहे का, रेशन कार्ड आहे का" असं यादी वाचून विचारलं होतं. तिने खरी उत्तरं दिली होती. पासबुकाचं कुणी विचारलं नव्हतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वाणिज्यची मुलगी तिच्यासोबत गेली. त्या दिवसाबद्दल तिने कार्यदैनंदिनीत चार पानं लिहिली. एरवी ती चार ओळी लिहायची. अर्ज दिला, एक झेरॉक्स कमी म्हणून परत पाठवलं. झेरॉक्स आणली तोवर जेवणाची सुटी. सुटीनंतर ज्यांची सही लागते ते बैठकीला गेलेले. मुलीला राग आला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे, दाखल्याला ठरलेली मुदत आहे, अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, हे सगळं तिने आदल्या रात्री वाचलं होतं. ती खिडकीशी बोलायला निघाली तेव्हा आईने तिचा हात धरला. "आत्ता नको पोरी. गर्दी हटू दे. गर्दीत बोललं की त्यांना बी चारचौघात माघार घेता येत नाही." तासाभराने आई स्वतः खिडकीशी गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली आणि अर्ज घेतला गेला. पावती मात्र मिळेना. तेव्हा मुलगी पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "सर, कायद्यानं पोच द्यावी लागते." पोच मिळाली.

आमच्या गटचर्चेत यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, हक्काची गोष्ट अशी अजिजीने का मागायची? मला त्या दिवशी दोघीही बरोबर वाटल्या आणि आजही वाटतात. पोच मागायचा हक्क आईला ठाऊक नव्हता. कधी मागायची हे मुलीला ठाऊक नव्हतं. या कामात विद्यार्थी जे शिकले त्यातला सगळ्यात चांगला भाग मला या एका दुपारीच दिसतो, कारण तिथे दोघींनी एकमेकींची उणीव भरून काढली. त्या दिवसाची आईची मजुरी बुडाली. दोन घरांतून फोन आले, "आज का आली नाहीस?" मुलीचे सहा तास मात्र तिच्या १२० तासांत जमा झाले. हे तिचं तिनेच लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवल्यावर वर्ग गप्प झाला.

"ती शाळा तर हितंच हाय"

कागद जमवत होतो तेव्हा वर वेगळंच चाललं होतं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलले होते. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले आणि आमच्या वस्तीच्या पत्त्यावर जी शाळांची यादी उघडली तिच्यात जवळपास सगळ्या सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या.

संगणकवाल्या मुलाने उत्साहाने यादी वाचून दाखवली. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, ती शाळा तर हितंच हाय. तिथं नाव घालायला अर्ज कशाला? जाऊन नाव सांगितलं की झालं."

चौदा जणांनी नियम वाचला होता, मीही वाचला होता. त्यात नेमकं काय बिघडलंय हे तिने ज्या नेमकेपणाने सांगितलं, तसं आमच्यापैकी कुणाला सांगता आलं नव्हतं. मोफत शाळेत मोफत प्रवेश देण्यासाठी सोडत! बऱ्याच कुटुंबांनी त्या वेळी अर्ज भरलाच नाही. काही विद्यार्थ्यांनी डायरीत लिहिलं, "पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव." मी ते वाक्य खोडायला लावलं नाही. त्याखाली फक्त विचारलं, "त्यांनी कारण काय सांगितलं?" दोघांनी परत जाऊन विचारलं. बाकीच्यांनी ते तसंच ठेवलं.

या आईने मात्र अर्ज भरला. "तुम्ही एवढं फिरलात तर भरा," म्हणाली. हे आमच्यासाठी होतं, मुलीसाठी नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मुलाने वस्तीच्या तोंडाशी, रस्त्यावर, जिथे नेट चांगलं येतं तिथे उभं राहून तिचा अर्ज भरला. पुढच्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून सांगते. अर्जात नकाशावर घराच्या जागी एक लाल फुगा ठेवावा लागतो. त्या फुग्यापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य होतं, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. मुलगा उभा होता तिथे फुगा आला आणि त्याने तो तिथेच ठेवला.

मे महिना

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नव्या नियमांना स्थगिती दिली. खासगी शाळा पुन्हा यादीत आल्या आणि मेच्या मध्यापासून अर्ज नव्याने मागवले गेले. आधी अर्ज केलेल्यांनाही पुन्हा भरायचा होता.

आमच्या महाविद्यालयात तेव्हा परीक्षा चालू होती. मी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, "आता अभ्यास करा, काम झालंय." एनएसएसच्या हिशेबाने झालंच होतं. तास भरले होते. परीक्षा आटोपून वसतिगृहातली मुलं गावी गेली. स्थगितीची बातमी मी पेपरात वाचली, व्हॉट्सअॅप गटावर टाकली, आठ-नऊ जणांनी अंगठा दाखवला. वस्तीत जाऊन हे कुणी सांगायचं, हे कुणी कुणाला म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या घरी लग्नकार्य होतं, हे कारण आहे, सबब नाही.

एका मुलाला मात्र चैन पडलं नाही. संगणकशास्त्राच्या त्या मुलाकडे कुटुंबाच्या सगळ्या कागदांचे फोटो होते. सोयीसाठी फोटो काढून ठेवा, असं मीच सांगितलं होतं. त्याने गावी बसून रात्री नवा अर्ज भरला. मोबाइल नंबर स्वतःचा दिला, कारण आईचा फोन नवऱ्याकडे असतो. फुगा त्याच जागी, रस्त्यावर. शाळा निवडल्या दहा. त्याने इंटरनेटवर शोधून, चांगलं नाव असलेल्या, वरपासून खालपर्यंत क्रमाने लावल्या. मग गटावर लिहिलं, "एक फॅमिली डन." मी त्याला शाबासकी दिली. तो संदेश अजून आहे.

इकडे आईला शेजारणीकडून कळलं की खासगी शाळा परत आल्या. तिने दोन दिवस आमची वाट पाहिली. मग पिशवी घेऊन नेट कॅफेत गेली, पैसे दिले, अर्ज भरून घेतला. कॅफेवाल्याने मोबाइल नंबर स्वतःचा टाकला आणि फुगा त्याच्या दुकानाजवळ ठेवला.

म्हणजे तिच्या मुलीच्या नावाने दोन अर्ज होते, आणि दोन्हींवर तिचा नंबर नव्हता. सोडत लागली असती तरी कळवलं गेलं असतं दुसऱ्याच कुणाला.

ते दोन दिवस

हे उघडकीला आलं ते वाणिज्यच्या मुलीमुळे. ती शहरातच राहणारी, सहज भेटायला गेली. आईने कॅफेतून आणलेली प्रत दाखवली. मुलगी म्हणाली, "पण ताई, तुमचा तर भरलाय." त्यानंतर दोघी थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या, असं मुलीने मला फोनवर सांगितलं.

मी त्या मुलाला फोन केला. तो रात्रीच्या एसटीने निघाला. त्याला यायची गरज नव्हती, लॉगिन दिलं असतं तरी चाललं असतं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मॅडम, मला यायचंय."

सकाळी आठला आम्ही तिघं तिच्या दारात होतो. अर्ज एकदा निश्चित केला की दुरुस्त करता येत नाही, रद्द करून नवा भरता येतो. तेव्हा दोनपैकी एक रद्द करायचा होता. मुलाचं म्हणणं, त्याचा ठेवावा, कारण त्यात शाळा नीट निवडल्या आहेत. वाणिज्यच्या मुलीचं म्हणणं, आईचा ठेवावा, कारण तो तिने भरला आहे. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मी निर्णय देणार एवढ्यात मला जाणवलं की आई आतून चहाची भांडी विसळता विसळता हे सगळं ऐकते आहे.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही या इकडे. तुम्हीच सांगा."

ती आली, हात पुसले आणि पहिल्यांदा मुलाला म्हणाली, "मला एक फोन केला असता तर?" आवाज चढवून नाही. तिच्या नवऱ्याचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने मान खाली घातली. मीही घातली, कारण शाबासकी माझी होती.

मग तिने विचारलं, "कुठल्या शाळा घातल्या?" त्याने नावं वाचली. पहिल्या तीन ऐकून ती म्हणाली, "ही नको. मधी हायवे हाय. मी साडेसातला कामाला जाते, पोरीला एकटीनं रस्ता ओलांडायला लागंल." चौथी? "तिथं माझी मालकीण आपला नातू घालती. तिथं नको." का नको, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग मुलाने तिला नकाशा दाखवला. तिने आधी तो नीट ओळखला नाही. पाण्याची टाकी दिसली तेव्हा बोट तिथे ठेवलं. "ही टाकी. हा नाला. हितं वळायचं. हे आमचं." फुगा रस्त्यावरून नाल्यापलीकडे गेला तेव्हा शाळांची अंतरंच बदलली. मुलाने वर लावलेली एक शाळा किलोमीटरच्या बाहेर गेली, एक आत आली. चुकीच्या फुग्यावर प्रवेश मिळाला असता तर पडताळणी समितीपुढे तो रद्द होऊ शकला असता. दोन्ही अर्ज चुकीचेच होते. ठेवण्यासारखा एकही नव्हता.

अंतर नकाशावर सरळ मोजतात. नाल्यावर पूल नाही, तेव्हा आईला तो किलोमीटर वळसा घालून चालायचा असतो. ती नकाशा वाचत नव्हती, तिच्या डोक्यातला नकाशा आमच्याहून पक्का होता. हे मुलाने नंतर डायरीत लिहिलं आणि मला ते त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं.

कॅफेवाल्याकडे पासवर्ड होता. आम्ही निघालो तर आई म्हणाली, "तुम्ही नका येऊ, त्याला वाटंल तक्रार करायला आलात." ती एकटी गेली. त्याने वहीत सगळ्यांचे पासवर्ड लिहून ठेवले होते, तिचा काढून दिला. दुपारी दोन्ही अर्ज रद्द केले. तिसरा भरताना फोन तिच्या हातात होता. नवऱ्याकडचा नंबर घालायचा नाही, असं तिने ठरवलं. शेजारणीच्या मुलाकडून जुना फोन घेतला, स्वतःचं सिम काढलं आणि तो नंबर घातला. या सगळ्यात आणखी एक दिवस गेला. शाळा दहा निवडता येत असताना तिने चार निवडल्या. मुलाने एकदाच विचारलं, "जास्त घातल्या तर शक्यता वाढेल ताई." ती म्हणाली, "जिथं धाडणार न्हाई तिथलं नाव कशाला?" त्याने पुन्हा काही म्हटलं नाही.

काय शिकले

चौदापैकी पाच-सहा जणांच्या बाबतीत मला खात्रीने म्हणता येतं की त्यांची नजर बदलली. दोघं शिकले ते उलटंच शिकले. "या लोकांना कितीही सांगा, शेवटी कॅफेतच जातात," असं एकाने शेवटच्या बैठकीत म्हटलं. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे शिकले त्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ मध्ये बजावून ठेवलं होतं की खरं शिक्षण अनुभवातून होत असलं तरी सगळेच अनुभव सारखे शिकवत नाहीत, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच बंद करतात. आम्ही वस्तीत नेऊन सोडलेली मुलं पूर्वग्रह घट्ट करूनही परत येऊ शकतात. त्या मुलाशी मी वाद घातला नाही. आई दोन दिवस आपली वाट पाहून कॅफेत गेली, एवढंच सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. माहीत होऊनही तो फारसा बदलला असं मला वाटत नाही.

वाणिज्यची मुलगी कायदा शिकली आणि तो कधी काढायचा हेही शिकली. संगणकवाल्या मुलाचं शिकणं जास्त अवघड होतं. आळशी माणसाची चूक सगळ्यांना दिसते. त्याची चूक कष्टातून आली होती, रात्र जागून केलेल्या कामातून, आणि अशी चूक स्वतःला दिसायला फार वेळ लागतो. एनएसएसचं "नॉट मी बट यू" हे ब्रीद त्याच्या बिल्ल्याच्या जोडीला वर्षभर होतं. त्याने मला विचारलं, "मॅडम, मी तर सगळं त्यांच्यासाठीच केलं ना?" केलं होतं. त्यांच्यासाठी केलं, त्यांच्याबरोबर केलं नाही. मी त्याला हे सांगितलं नाही, कारण रात्रीच्या एसटीत बसून तो तिथवर स्वतःच आला होता. परत येऊन तिच्यासमोर उभं राहणं मी कुठल्याही श्रेयांकापेक्षा मोठं मानते. आमच्याकडे चूक झाली की ती अहवालात येऊ न देण्याची सवय आहे. मुलं ती सवय आमच्याकडूनच उचलतात.

पुढे

जूनच्या सुरुवातीला सोडत निघाली, निकाल मात्र न्यायालयाच्या निर्णयासाठी थांबला. १९ जुलै रोजी उच्च न्यायालयाने नवे नियम रद्द ठरवले, त्यानंतर यादी लागली. मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. तिच्या क्रमांकापर्यंत यादी आली नाही.

मी आणि वाणिज्यची मुलगी सांगायला गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो. मुलगी गणवेशात होती. आईने जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या त्याच दिवशी तिला महापालिकेच्या शाळेत घातलं होतं. "मग काय, तुमच्या यादीची वाट बघत पोरीला घरी बसवू?" ती म्हणाली. वाईट वाटलं का, असं विद्यार्थिनीने विचारलं. "वाटलं की. तिला इंग्रजीत बोलताना बघायचं होतं," एवढंच बोलून तिने मुलीची वेणी घालायला घेतली.

त्या वर्षानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. काम ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, आधी फक्त कागद. परीक्षेच्या काळात कोण जाणार हे आधी लिहून ठरतं, आणि त्यात माझं नाव पहिलं असतं. कागदांचे फोटो विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये राहत नाहीत. फॉर्म पालकाच्या हातातल्या फोनवर भरायचा, फोन नसेल तर पालक शेजारी बसलेला असताना. यामुळे अर्ज कमी होतात. एका विद्यार्थ्याला दुपारभरात पूर्वी सहा अर्ज व्हायचे, आता दोन होतात. अहवालातला लाभार्थींचा आकडा खाली आला, त्याबद्दल मला विचारणाही झाली. मी लेखी उत्तर दिलं.

पुढच्या वर्षी अर्ज जानेवारीतच सुरू झाले आणि ऑक्टोबरपासूनची तयारी कामाला आली. पहिल्याच रविवारी ती आई शेजारच्या खोलीत नव्याने आलेल्या एका बाईला घेऊन आमच्या टेबलाशी आली. प्रथम वर्षाचा एक नवा विद्यार्थी अर्ज भरत होता. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. नकाशा उघडला तशी तिने हात पुढे केला, "थांब, फुगा ती लावंल. तिला टाकी म्हाईत हाय." मग थोडं खाली वाकून पडद्यावरचे आकडे वाचायचा प्रयत्न केला.

"आणि नंबर कुणाचा टाकलास, दादा?"